डावी बाजू मोकळी

आयुष्यात मी ज्यांना मनापासून शिव्या घातल्या, त्यांतल्या एकीचे पाय धरायला मी आज तयार आहे. ती वाहन कार्यालयात चार नंबरच्या खिडकीत बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पण तिचं सांगायचं तर आधी आमच्या ह्यांचं सांगायला हवं.

ह्यांना सगळे टेपभाऊ म्हणतात. शर्टाच्या खिशात कायम मोजायची टेप. लग्नाला गेलो तरी टेप, दवाखान्यात कुणाला बघायला गेलो तरी टेप. आमचा धंदा पडद्यांचा. मी शिवते, हे लावतात. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडकी मोजायची, कापड आणायचं, मी झालर आणि अस्तर लावून द्यायचं, मग ह्यांनी भिंतीत ड्रिल मारून रॉड बसवायचा. सव्वीस वर्षं हेच चाललंय. अजून एकाही घरून पडदा तोकडा झाल्याचा निरोप आलेला नाही. हे मी गर्वानं सांगते, कारण गर्व करावा अशा गोष्टी आमच्याकडे मोजक्याच आहेत.

आणि आमची व्हॅन. पांढरी, सरकत्या दाराची. मागे रॉड बांधलेले, शिडी, ड्रिलची पेटी, आणि वर इस्त्री केलेले पडदे. हे ब्रेक असा लावायचे की पडद्यांची घडी मोडायची नाही. कधी कुणाच्या पुढे घुसले नाहीत, कधी उगाच हॉर्न मारला नाही. मी शेजारच्या सीटवर, डाव्या बाजूला. मांडीवर पडदा, हातात सुई, आणि तोंड चालू. माझं तोंड कधी बंद नसतं हे सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच जाहीर केलं होतं.

गाडीत माझी बडबड ठरलेली. "डावी बाजू मोकळी." "थांबा, सायकल आहे." "लाल झाला हो." "हिरवा, चला." हुक टाचता टाचता मान वर करायची, बघायचं, सांगायचं, पुन्हा टाचायचं. हे कधी सुरू झालं ते मला आठवत नाही. ह्यांनी कधी सांग म्हटलं नाही आणि मीही कधी ठरवलं नाही. गिऱ्हाइकांना हे हसून सांगायचे, "आमच्या गाडीला बोलणारा आरसा आहे." मी म्हणायची, "आरशाला निदान पुसता तरी, मला कोण विचारतंय?"

गेल्या दोनेक वर्षांत ह्यांचं एक नवीन सुरू झालं होतं. घरात वावरताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. जेवताना डावीकडचा पाण्याचा पेला सांडायचा. कोपरावर निळा डाग कायमचा. मी ओरडायची, "लक्ष कुठं असतं तुमचं? घर सव्वीस वर्षं इथंच आहे, काल बांधलं नाही!" हे ओशाळून हसायचे आणि फडकं घेऊन पाणी पुसायचे. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मग लेकीचं बाळंतपण आलं. ती दुसऱ्या शहरात, जावई दिवसभर नोकरीवर, तिथं दुसरं कुणी नाही. मी चार महिने जाऊन राहिले. शिवायचं काम हे तेवढ्यापुरतं दुसरीकडून करून घेत होते. फोनवर रोज एकच उत्तर: "सगळं ठीक आहे. नातीला काय काय कळतं आता?" मी नातीचं पुराण लावायची आणि ठीक म्हणजे ठीक असं धरून चालायची.

परत आले तेव्हा मशीनच्या खणात बटणं शोधत होते, तर हाताला कागद लागले. बायको शिवणकाम करणारी, आणि हा माणूस कागद लपवतो कुठं, तर शिलाई मशीनच्या खणात! तीन नोटिसा होत्या. चार महिन्यांत तीन वेळा लाल सिग्नल तोडला म्हणून. आणि चौथा कागद त्याहून जाड: वर्षात तीनदा असा गुन्हा झाल्यामुळे आपलं लायसन्स निलंबित का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत समक्ष येऊन करावा. त्यांतले पाच दिवस होऊन गेले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय आहे?"

हे शिडीचा स्क्रू पिळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कॅमेरा बिघडलाय तिथला."

"तीन ठिकाणचे तिन्ही कॅमेरे बिघडले?"

"अगं, शपथेवर सांगतो, सिग्नल लाल नव्हताच. मी बघितलाच नाही लाल."

हा माणूस खोटं बोलत नाही. कापड उरलं तर वीतभर तुकडासुद्धा गिऱ्हाइकाला परत देतो. मी ह्यांच्यावर विश्वास ठेवला आणि कॅमेऱ्यावर नाही. सव्वीस वर्षांत गाडीवर ओरखडा नाही, आणि आता म्हणे लायसन्स निलंबित! लायसन्स गेलं की व्हॅन उभी, व्हॅन उभी की काम उभं. बारा फुटी रॉड काय रिक्षातून नेणार आहोत? आणि गाडी चालवणं काढून घेतलं तर हा माणूस आतून मोडेल, ते मला जास्त दिसत होतं.

जावयाला फोन केला. जावई हुशार, म्हणजे जरा जास्तच हुशार. तो म्हणाला, "आई, सोपं आहे. तिसऱ्या वेळी गाडी मी चालवत होतो असं लिहून द्या. माझ्या लायसन्सवर काही नाही. तिनाचे दोन होतील, प्रकरण मिटेल." त्यानं त्याच संध्याकाळी सही करून कागद आणि लायसन्सची प्रत मोबाइलवर पाठवूनही दिली.

हे म्हणाले, "खोटं लिहून द्यायचं?"

"मग घरी बसून काय खरं खाणार आहात?" मी म्हटलं. हे मी म्हटलं, मीच. ह्यांनी मान खाली घालून सही केली. त्या सहीचं पाप माझं आहे, त्यांचं नाही.

दुसऱ्या दिवशी वाहन कार्यालयात गेलो. लाकडी बाकं, वर कुरकुरणारा पंखा, भिंतीवर पिवळे पडलेले नियम. आमचा नंबर यायला दोन तास लागले. चार नंबरच्या खिडकीत ती बसली होती. माझ्याच वयाची असेल. चष्म्याला दोरी, केस घट्ट बांधलेले, आणि चेहरा असा की हसायला पैसे पडतात. तिनं आमचे कागद घेतले, जावयाचा कागद वाचला, लायसन्सची प्रत पाहिली. मग नोटिशीवरचा फोटो डोळ्यांजवळ धरला.

"जावईबापूंना मिशा आहेत?"

जावई गुळगुळीत. फोटोत काचेमागे ह्यांच्या मिशा स्पष्ट दिसत होत्या. गाडी ह्यांची, मिशा ह्यांच्या, आणि आम्ही दोघांनी तो फोटो नीट असा कधी बघितलाच नव्हता! आम्ही फक्त गाडीचा नंबर आणि तारीख वाचली होती.

"वाढवल्या होत्या मधे," मी म्हटलं.

"लग्न करून दिलंत तेव्हाही असाच पटापट विचार केला होता का?" ती म्हणाली. मागे रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं. मी लाल झाले. हे हळूच म्हणाले, "बाई, गाडी मीच चालवत होतो. चूक झाली, खोटं लिहायला नको होतं."

तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. मग तो कागद खिडकीतून आमच्याकडे परत सरकवला. "हा कागद मी पाहिला नाही. घरी नेऊन फाडा. खोट्या खुलाशाचा वेगळा गुन्हा होतो, माहीत आहे?"

हे मी तेव्हा उपकार म्हणून घेतलंच नाही. मी भांडायला लागले. सव्वीस वर्षं, ओरखडा नाही, प्रामाणिक माणूस, पोटावर पाय, सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही देव जाणे. तिन्ही नोटिसा तिनं शेजारी शेजारी मांडल्या होत्या, आणि हातातली पेन्सिल त्यांच्यावर फिरवत होती. आमच्या कागदांवर रेघोट्या! मग आत जाऊन साहेबांची सही घेऊन आली.

"तीन महिने निलंबन. लायसन्स इथं जमा करा. या काळात गाडी चालवलीत तर कायमचं जाईल. परत घेताना दोन गोष्टी लागतील: एक दिवसाचं प्रशिक्षण आणि डोळ्यांचं प्रमाणपत्र. चष्म्याच्या दुकानातलं चालणार नाही, डोळ्यांच्या डॉक्टरचं हवं."

"डोळ्यांचं? मघाशी रांगेत आमच्या पुढं होता त्या माणसाला तर नाही सांगितलं!"

"तो फोनवर बोलत होता म्हणून सिग्नल तुटला. तुमचे हे फोनवर नव्हते, घाईत नव्हते, वेगात नव्हते. आणि तिन्ही वेळा सिग्नलचा खांब डावीकडे होता." तिनं हात पुढे केला. "लायसन्स."

ह्यांनी पाकिटातून कार्ड काढलं. बोटांनी पुसलं आणि दिलं. तिनं ते लिफाफ्यात घालून वर तारीख टाकली आणि नोटिसा आमच्याकडे परत सरकवल्या. "पुढचे."

बाहेर येऊन मी त्या बाईचा असा उद्धार केला की पानवाल्यानं पान लावायचं थांबवलं. हृदय नाही, माणुसकी नाही, खुर्चीची मिजास आहे, आम्ही हिचं काय घोडं मारलं होतं! व्हॅन घरी आणायला शेजारच्या प्लंबरला बोलावलं. हे आपल्याच गाडीत मागे, शिडीशेजारी बसून आले.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. भाड्याचा टेम्पो करून कामं उरकायची. टेम्पोवाला घडी मोडायचा, मी ओरडायची. हे संध्याकाळी उभ्या व्हॅनमध्ये जाऊन बसायचे. काच पुसायचे, आरसा पुसायचे, परत यायचे. जेवताना पेला सांडला तर मी ओरडायचं सोडून दिलं होतं, आणि त्यानं घर जास्तच सुनं वाटायचं.

शेवटी मीच म्हटलं, ते डोळ्यांचं उरकून टाकू. एक कागद तरी हातात येईल.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं ह्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचली. मी मनात म्हटलं, बघ गं चार नंबरवाले! डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारून आत पाहिलं, आणि ह्यांच्या समोर स्टूल ओढून बसले. "उजवा डोळा हातानं झाका. नजर माझ्या नाकावर ठेवा, हलवू नका. मी बाजूला बोटं दाखवतो, किती दिसतात ते सांगा."

मी ह्यांच्या मागे उभी होते. उजव्या बाजूला बोटं आली. "एक. तीन. दोन," हे पटापट सांगत गेले. मग डॉक्टरांनी हात ह्यांच्या डाव्या बाजूला नेला. दोन बोटं. मला लख्ख दिसत होती.

हे गप्प.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"अजून दाखवली कुठं तुम्ही?"

डॉक्टरांनी बोटं हलवली. हे नाकाकडे बघत शांत बसलेले, शाळेतल्यासारखे, प्रश्न यायची वाट बघत. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अहो, दोन!"

"दोन," हे लगेच म्हणाले.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "ताई, तुम्ही सांगू नका. ह्यांना बघू द्या."

त्या खोलीत उभ्या उभ्या मला सगळी व्हॅन आठवली. डावी बाजू मोकळी. थांबा, सायकल आहे. लाल झाला हो. मला वाटायचं, मी बडबड करते. मी बडबड करत नव्हते. मी ह्यांची डावी बाजू होते, कोण जाणे किती वर्षं, आणि आम्हा दोघांनाही ते कळलं नव्हतं. मी चार महिने लेकीकडे गेले आणि ह्यांची डावी बाजू माझ्याबरोबर गेली.

काचबिंदू. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. दुखत नाही, समोरचं छान दिसतं, बाजूचं हळूहळू मिटत जातं. मेंदू रिकाम्या जागेत काहीबाही भरून देतो, त्यामुळे माणसाला दिसत नाही हेच कळत नाही. गेलेलं परत येत नाही. पण उरलेलं औषधानं टिकवता येतं. "आणखी वर्ष-दीड वर्ष तुम्ही आला नसतात, तर मग मला फारसं काही करता आलं नसतं," ते म्हणाले. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

ज्या बाईला रस्त्यात उभं राहून शिव्या घातल्या होत्या, तिनं पाठवलं असं कसं सांगायचं?

घरी आल्यावर मी त्या नोटिसा पुन्हा काढल्या. तिन्हींवर पेन्सिलीनं काढलेलं काहीतरी होतं, तेच ज्याला मी रेघोट्या म्हणाले होते. दोन नोटिसांवर सिग्नलच्या खांबाभोवती गोल. तिसरीवर खांबाभोवती एक गोल आणि फोटोच्या कडेला आणखी एक. त्या गोलात एक बाई होती. पिवळा स्वेटर घातलेली, झेब्रा पट्ट्यांवर, आमच्या व्हॅनच्या नाकापासून हातभर अंतरावर. तिनं हातातली भाजीची पिशवी छातीसमोर धरली होती, जणू त्या पिशवीनं व्हॅन अडणार होती.

मी तो फोटो ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी आधी नेहमीसारखंच समोर पाहिलं: गाडी, नंबर, मिशा. मी बोट ठेवलं. ह्यांनी मान वळवली आणि मग ती त्यांना दिसली.

"ही होती तिथं?"

"होती."

"अगं, मला दिसलीच नाही ही. मी शीळ घालत होतो त्या दिवशी, आठवतंय मला." ह्यांनी फोटो उजेडाकडे धरला. "हिला काही...?"

नोटिशीवर दुसरा फोटो होता, एका सेकंदानंतरचा. व्हॅन पुढे गेलेली. बाई मागे सरून फूटपाथच्या कडेला उभी, पिशवी खाली पडलेली, हात छातीवर. उभी होती. ह्यांनी तो फोटो किती वेळा पाहिला असेल त्याची गणती नाही. "उभी आहे ना गं? धड उभी आहे ना?" मी म्हणायची, "आहे हो, उभी आहे." मग हे रडले. लग्नानंतर दुसऱ्यांदा. पहिल्यांदा लेक झाली तेव्हा रडले होते.

जावयाचा फोन आला. म्हणे, दुसरा एक डॉक्टर बघतो, तो इतका कडक नाही, प्रमाणपत्र मिळून जाईल. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. आवाज चढवला नाही. "बापू, तुम्ही एकदा घरी या. मला तुम्हाला एक फोटो दाखवायचाय." जावई आला, त्यानं फोटो पाहिला, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. जाताना सासऱ्याच्या पाया पडला. हुशारी उतरली की पोरगा चांगला आहे.

तीन महिने संपले. ह्यांनी लायसन्स परत मागितलं नाही. आणि व्हॅन दारात उभी राहून धूळ खात होती.

तर मी शिकले. चोपन्नाव्या वर्षी! शिकवणाऱ्याच्या नाकी नऊ आणले. क्लच आणि माझं पहिले दोन महिने जमलं नाही. पण तो एक दिवस म्हणाला, "बाई, तुम्हाला गियर कळत नाही, पण रस्ता फार छान कळतो. कुठून काय येणार ते आधीच दिसतं तुम्हाला." मी म्हटलं, "सव्वीस वर्षं बघतेच आहे." पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्यांदा पास.

कागद घ्यायला गेले तर पुन्हा चार नंबरची खिडकी. तीच दोरी, तोच चेहरा. मी म्हटलं, "ओळखलंत?"

"नाही."

"पडदेवाले. मिशा. तुम्ही पेन्सिलीनं गोल केला होता."

"रोज चाळीस माणसं येतात, ताई."

मी तिला सगळं सांगितलं. काचबिंदू, बोटं, पिवळा स्वेटर. रांगेतली माणसं कुरकुरत होती, मी त्यांनाही ऐकवलं. शेवटी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी आमच्यावर दया केली असती तर आमच्या हातून माणूस मेला असता. आणि हे आंधळे झाले असते. मी तुम्हाला फार शिव्या दिल्या. माफ करा."

तिनं चष्मा काढला. दोरीला लोंबत ठेवला. "डोळे आता?"

"उरलेत तेवढे टिकलेत."

"थेंब चुकवू देऊ नका. माझ्या वडिलांनी चुकवले." एवढंच म्हणाली. मग कागद माझ्याकडे सरकवला. "इथं सही राहिलीये."

आता व्हॅन मी चालवते. हे माझ्या जागेवर, डावीकडे. मांडीवर पडदा असतो, हुक टाचायला शिकलेत, वेडेवाकडे टाचतात आणि मी घरी गुपचूप उसवून पुन्हा टाचते. माझ्या ब्रेकनं घडी मोडते, हे ते गुपचूप सहन करतात.

परवा त्या चौकातून जात होतो. खांब डावीकडे. लाल झाला. मी थांबले. माणसं झेब्रा पट्ट्यांवरून जायला लागली. ह्यांनी हातातली सुई खाली ठेवली, आणि मान पूर्ण वळवून, अगदी खांद्यापर्यंत वळवून, एकेकाकडे बघायला लागले. हल्ली त्यांना डावीकडचं बघायचं तर असंच बघावं लागतं.

"काय शोधताय?"

"पिवळा स्वेटर."

"अहो, एवढ्या उकाड्यात कोण स्वेटर घालेल?"

"खरंच की." पण ते बघतच राहिले. एक बाई पिशवी घेऊन शेवटी निघाली होती, हळूहळू. सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न मारला. ह्यांनी काचेतून तिला हात केला, जा, जा, सावकाश जा. तिनं दचकून पाहिलं, मग हसून पुढच्या फूटपाथवर चढली.

मी पाय ब्रेकवरच ठेवला होता. मी स्वतः बघितलं होतं, मोकळं होतं. तरी थांबले.

ह्यांनी पुन्हा एकदा मान वळवून पूर्ण पाहिलं, आणि म्हणाले, "डावी बाजू मोकळी. चल."